असू दे म्हणून टाकलेली पुडी

बसा ताई. पिशव्या आत ओढून घ्या, नाहीतर चौकात एखादा बाईकवाला खारकेसकट घेऊन जाईल. विश्रांतवाडी म्हणालात ना? आणि पिशवीत डिंक, खारीक, गोडंबी. म्हणजे घरात बाळंतीण आहे, आणि तुम्ही चाललात शैलाबाईंकडं, मालीश-अंघोळीचं विचारायला. ओळखलं की नाही? अहो, मंडईतनं डिंक घेऊन विश्रांतवाडीला जाणारं माणूस दुसरीकडं कुठं जाणार! मग आता ऐका. येरवड्याच्या सिग्नलला आपण अडकणारच आहोत, तोवर एक गोष्ट सांगतो. शैलाबाई एकट्या सिंगापूरला गेल्या त्याची. गंमत म्हणून ऐकू नका. बाई फाशीच्या दारापर्यंत जाऊन आली, निदान तिला तरी तसं वाटलं.

तर निघायच्या दिवशी सकाळी शैलाबाई बॅगेवर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे खरोखरच बसल्या, कारण चेन लागेना. रतन, म्हणजे त्यांचा नवरा, गुडघे टेकून चेन ओढत होता.

"जरा जोर दे की खाली."

"आता काय उड्या मारू?"

"मार. नाहीतरी आज उडायचंच आहे तुला."

बाई हसल्या नाहीत. सगळा जन्म विश्रांतवाडीत गेला, लोहगावची विमानं घरावरनं इतकी खाली जातात की टीव्ही ऐकू येत नाही, पण आत बसायची वेळ कधी आली नव्हती. आणि पहिलीच वेळ, तीही एकटीची, तीही दोन विमानांची. आधी पुणे ते बँकॉक. तिथं उतरायचं, आपली बॅग आपण घ्यायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं, मग सिंगापूर. तिकिटं वेगवेगळी, म्हणून बॅग कुणी आपोआप पुढं पाठवणार नाही.

रतनला म्हणाल्या होत्या, तुम्ही पण चला. तर म्हणाला, "हवेत लटकायला मी काय वटवाघूळ आहे? आणि पडलं बिडलं तर दोघं कशाला? एक तरी मागं पाहिजे ना रडायला."

असला माणूस. पण पोरीवर जीव. निकिता त्यांची एकुलती एक. तिथं एका लॅबमध्ये नोकरीला, नवरा समाधान कॉम्प्युटरमध्ये. पोटुशी राहिली तेव्हापासून शैलाबाईंनी मनात ठरवलेलं होतं. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची अंगं चोळली, दुसऱ्यांची नातवंडं पायावर घेऊन न्हाऊ घातली. धानोरी, कळस, टिंगरेनगर, हात लावला नाही असं एक घर नाही. आता घरची पाळी. तर निकितानं फोनवर काय सांगावं?

"मम्मी, तू ये, पण टेन्शन घेऊ नको. इथं बाळंतिणीचं करायला बाई मिळते, एजन्सीची. आम्ही बुक केलीय. ती सूपबिप सगळं करते."

"सूप?"

"हो. आणि ऐक, खायचं काहीही आणू नको हां. इथं सगळं मिळतं. नको म्हणजे नको."

आता ताई, आपल्याकडं नको म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा चहाला नको म्हणतो, आणि आपण तोवर आधण ठेवलेलं असतं. नको ऐकून जो थांबला त्याला आपण कंजूष म्हणतो. शैलाबाईंनी नको ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी रतनला खारीक कुटायला बसवला. सूप म्हणे! बाळंतिणीला सूप! तुपात डिंक फुलवला, खोबरं भाजलं, खसखस भाजली मूठभर, गोडंबी घातली, आणि डबा गच्च भरला. त्या एजन्सीच्या बाईनं काय सूप करायचं ते करावं, पोरीच्या कमरेत जीव यायचा तर या लाडवानंच येईल.

डबा हातातल्या थैलीत. मोठ्या बॅगेत कपडे, आणि बाळाची दुपटी. दुपटी कुठली म्हणाल तर बाईंच्या स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांची, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ती गुंडाळी बॅगेत घालत होत्या तेव्हा रतन आतल्या खोलीतनं एक कागदाची पुडी घेऊन आला.

"ही राहिलीय बघ. उरलेली खसखस. खीर करून घाल तिला, झोप लागते."

"नको हो. जागा नाही."

"असू दे. केवढीशी तर आहे." आणि दुपट्यांच्या गुंडाळीत खुपसली.

बाईंनी पाहिलं, आणि त्याच वेळी बाहेर माझ्या रिक्षाचा हॉर्न वाजला. विसरून गेल्या.

विमानतळाच्या दारात रतनला आत सोडेनात. तो काचेच्या बाहेर, बाई आत. निकितानं महिनाभर कानात भरलेलं सगळं एकदम आठवायला लागलं. पासपोर्ट हातातनं सोडायचा नाही. कुणाची बॅग धरायची नाही. कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही. आपल्या बॅगेत कुणी काही टाकत नाही ना बघायचं, हल्ली तसं करतात, आणि मग सापडलं की आपण अडकतो. बाई बॅगेचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. शेजारून कुणी गेलं की बॅग आपल्याकडं ओढायच्या. परक्या माणसांवर एवढी नजर ठेवली, आणि टाकणारा तर काचेपलीकडनं हात हलवत उभा होता.

पासपोर्ट किती वेळा बघितला त्याला गणती नाही. रांगेत बघितला, खुर्चीत बघितला, विमानात पट्टा बांधल्यावर पुन्हा बघितला. विमान उडालं तेव्हा डोळे मिटून घेतले, त्यामुळे आपलं घर वरनं कसं दिसतं ते बघायचं राहूनच गेलं. खायला दिलेलं घेतलं नाही. पाणी घेतलं नाही, कारण पाणी प्यायलं तर बाथरूमला जायला लागणार, आणि बाथरूमला गेलं तर थैलीकडं कोण बघणार?

बँकॉकचं विमानतळ म्हणजे एक अख्खं गाव, वर काच, खाली काच. बाईंनी बॅग मिळवली, कशी ते त्यांनाही सांगता येत नाही. लोक जातील तिकडं गेल्या आणि पट्ट्यावर बॅगेला बांधलेली आपली लाल रिबिन दिसली. मग पुढच्या विमानाच्या काउंटरपाशी आल्या, तर ते अजून उघडायचं होतं. एका खांबाला टेकून खाली बसल्या, बॅग एका बाजूला, थैली मांडीवर. फोन विमानतळाच्या इंटरनेटला जोडायचं निकितानं शिकवलं होतं. जोडला. आणि समाधानचा मेसेज आला.

"मम्मी, निकिताला ॲडमिट केलंय. दिवस अजून होते पण डॉक्टर म्हणाले आजच. तुम्ही घाबरू नका. मला एअरपोर्टला येता येणार नाही. टॅक्सी करा, पत्ता पाठवलाय."

आता घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतं? बाईंनी मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला. आजच. आणि आपण इथं, खांबाला टेकून, मधल्याच कुठल्या देशात.

"पुण्याच्या का?"

बाईंनी वर बघितलं. पांढरे कापलेले केस, पायात बूट, पाठीला सॅक, वय साठीच्या पुढं. कॉटनचा कुडता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"थैलीवर तुळशीबागेतल्या दुकानाचं नाव आहे. आणि एवढ्या मोठ्या विमानतळावर जमिनीवर बसायचा आत्मविश्वास आपल्याकडच्याच बायकांत असतो. मी वासंती. कर्वेनगर. बसू का?"

बसल्याच त्या. बँकेतनं रिटायर झालेल्या, एकट्या. लग्न केलेलं नाही. वर्षातनं दोनदा निघतात म्हणे, पाठीला एक पिशवी लावून. हनोई, पेनांग, तैपेई, असली नावं त्या अशी घेत होत्या जशी आपण स्वारगेट, हडपसर घेतो.

"एकट्या?" शैलाबाईंनी विचारलं. "भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते. पहिल्या वर्षी क्वालालंपूरला हॉटेलात एकटीला टेबल मागताना मला लाज वाटायची. आता मी मागते आणि लाज वेटरला वाटते." त्यांनी बाटली पुढं केली. "पाणी प्या. प्यायला नाहीत ना सकाळपासून?"

"बॅगेकडं कोण बघणार म्हणून..."

"तेच. एकटं फिरायचं म्हणजे दुसरं काही नाही हो. आपलं सामान आपणच सांभाळायचं आणि संडासाला पण बरोबर न्यायचं. बाकीचं लोक उगाच पुस्तकात लिहितात. जा, मी बघते."

कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं पोरीनं सांगितलं होतं. पण बाईंना आता राहवेना. जाऊन आल्या. बॅग जिथल्या तिथं होती, वासंतीबाई तिच्यावर पाय ठेवून बसल्या होत्या. त्यावरनं बाईंचं मन जरा उघडलं. पोरीचं सांगितलं, ॲडमिट केल्याचं सांगितलं. आणि डबा उघडला. "घ्या. पोरीला नेतेय, पण एक घ्या."

वासंतीबाईंनी लाडू हातात घेतला. नाकापाशी नेला. मग फोडला, आणि बोटानं आतलं निरखून बघत बसल्या.

"यात खसखस आहे?"

"आहे की. खसखशीशिवाय कसला डिंकाचा लाडू?"

"आणि तुम्ही सिंगापूरला चाललात."

"हो."

"शैलाबाई, तिथं खसखस चालत नाही. बंदी आहे. अफूची बी ना ती. त्यांच्या लेखी ती अफूच्याच खात्यात."

बाईंना आधी वाटलं, ही चेष्टा करतेय. पुण्याच्या बायका तोंड सरळ ठेवून चेष्टा करतात. पण वासंतीबाईंचं तोंड चेष्टेचं नव्हतं.

"अहो, आमच्याकडं वाण्याकडं मिळते."

"आपल्याकडं मिळते. मी त्यांचे नियम दर वेळी वाचते, एकटीला ते करावंच लागतं. हे न्यायचं नाही. एकही नाही."

"पण पोरगी..." बाई म्हणाल्या. "तिनं सांगितलं होतं काही आणू नको. मला वाटलं उगाच म्हणतेय."

वासंतीबाईंनी हातातला फोडलेला लाडू खाल्ला. सावकाश, कण कण. मग म्हणाल्या, "दुसरा घेऊ?"

"घ्या. सगळे घ्या."

"सगळे कसे घेऊ? मी पण पुढं चाललेय, तिकडचे नियम वेगळे. इथंच जेवढे जातील तेवढे." दुसराही खाल्ला. बोटं चाटली. "मला हे लाडू कधी कुणी केले नव्हते. करायचं कारणच पडलं नाही. वहिनीचे यायचे घरात, पण ते तिचे असायचे. विचारायचं कसं?"

शैलाबाईंनी तिसरा स्वतःच्या हातानं त्यांच्या हातावर ठेवला. स्वतः मात्र तोंडाला लावला नाही. पोटात जाऊन सापडलं तर काय घ्या! मग डबा घेऊन कचऱ्याच्या पेटीपाशी गेल्या, आणि उभ्याच राहिल्या. अन्न पेटीत टाकायला हात होईना. वासंतीबाई मागनं आल्या, डबा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडं त्या फुलांकडं बघा." बाईंनी फुलांकडं बघितलं. मागं आवाज आला, पहिल्यांदा मोठा, मग थोडा, मग बंद.

"इंग्रजीत पॉपी सीड म्हणतात," वासंतीबाई डबा पुसता पुसता म्हणाल्या. "कुणी विचारलंच तर हाच शब्द सांगायचा. आणि आता काही नाहीये तुमच्याकडं. सरळ चालत जा. धन्यवाद लाडवांबद्दल." आणि सॅक पाठीला लावून गेल्या त्या आपल्या रस्त्यानं. मागं वळून वगैरे बघितलं नाही.

ताई, पाय जरा आत घ्या, हा टेम्पोवाला चिकटवतोय. हां.

दुसऱ्या विमानात बाईंना खिडकी मिळाली. खाली समुद्र होता, जहाजं मुंग्यांसारखी. पहिल्यांदाच त्यांनी डोळे उघडे ठेवले. वाटलं, आता आलं सगळं हातात. पोरीला सांगू, लाडू इथंच करते, खसखशीशिवाय. तेवढ्यात विमानातल्या पोरीनं माईकवर काहीतरी सांगायला सुरुवात केली. इंग्रजी भराभर. त्यातलं 'ड्रग' कळलं. आणि मग 'डेथ' कळलं.

आणि त्या 'डेथ'वरच बाईंना रतन आठवला. गुडघ्यावर बसलेला. हातात कागदाची पुडी. असू दे.

डबा टाकला. पुडी बॅगेत आहे. आणि बॅग विमानाच्या पोटात, आपल्याबरोबर उतरतेय, आपल्या नावाची चिठ्ठी लावून.

अहो, काय झालं असेल त्या बाईचं. त्या मला सांगत होत्या, "भाऊ, कानात नुसती शिट्टी वाजत होती. शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता आणि मला त्याचे ओठ हललेलेच दिसत होते." विमान टेकलं. पासपोर्टवर शिक्का बसला की काय झालं, आठवत नाही. पट्ट्यावर लाल रिबिन आली. या वेळी ती बघून त्यांना बरं वाटलं नाही.

बॅग ढकलत थेट बायकांच्या बाथरूममध्ये शिरल्या. दार लावलं. ठरवलं, पुडी काढायची, पाणी सोडायचं, संपला विषय. चेन उघडली. दुपट्यांची गुंडाळी सोडली.

पुडी फाटली होती.

खसखस तुम्हाला माहीतच आहे, किती बारीक. वाळूला तरी वजन असतं. एकेका दुपट्याच्या घडीत, शिवणीत, त्यांच्या ब्लाऊजात, टॉवेलात, बॅगेच्या अस्तराच्या फटीत, सगळीकडं. झटकलं तर फरशीवर सांडली, फरशीवरची गोळा करायला गेल्या तर बोटांना चिकटली. बाई खाली बसून ती गोळा करत होत्या आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. फोन वाजला. समाधान. "मम्मी, उतरलात का? लवकर या. निकिता तुमचं नाव घेतेय."

बाईंनी सगळं पुन्हा बॅगेत कोंबलं. बाहेर आल्या. पुढं कस्टमच्या दोन वाटा होत्या. एकीवर हिरवं, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, एकीवर लाल, म्हणजे आहे. निकितानं सांगितलं होतं, हिरव्यातनं जायचं, कुणी विचारत नाही. हिरव्यातनं लोक बॅगा ढकलत फटाफट बाहेर पडत होते. पलीकडं दार आपोआप उघडत होतं, टॅक्सीची रांगसुद्धा दिसत होती. आणि तिकडं कुठंतरी पोरगी कळा देतेय, नाव घेतेय.

मी त्यांना विचारलं, का नाही गेलात हिरव्यातनं? तर म्हणाल्या, "पाय न्यायला लागले होते हो. पण वाटलं, पकडलं तर पोरीपर्यंत मी कसली पोचते! आणि नाही पकडलं, तर तीच दुपटी बाळाला गुंडाळायची?" एवढंच म्हणाल्या.

लाल बाजूला एक तरुण पोरगा उभा होता, गणवेशातला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. वासंतीबाईंनी दिलेला शब्द आठवायचा होता. पॉपी सीड. पॉपी सीड. विमानातनं उतरल्यापासून घोकत होत्या. तोंड उघडलं आणि काय बाहेर पडावं?

"सर. माय बॅग. पपई सीड."

"पपाया?" तो म्हणाला.

"येस. पपई सीड."

त्याला हसू आलं. एवढं तोंड पांढरं करून ही म्हातारी पपईच्या बिया सांगायला आलीय! त्यानं एकदा बॅगेकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि हात पुढच्या दाराकडं करत काहीतरी म्हणाला. त्यातलं 'ओके आंटी' बाईंना कळलं. हाताचा अर्थ तर कुणालाही कळेल. जा.

सुटल्या की हो! खरं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं होतं, जा म्हणाला होता. बाईंनी बॅग ढकललीसुद्धा. दोन पावलं गेल्याही. आणि तिथंच थांबल्या. आपण काय बोललो ते आत्ता त्यांच्या कानाला ऐकू आलं. पपई नव्हे. हा पपई समजला.

वळून परत आल्या. आता इंग्रजी शब्द काही केल्या आठवेना. मग त्यांनी बॅग तिथंच आडवी केली, चेन उघडली, एक दुपटं ओढून काढलं आणि त्याच्या घडीतली चिमूटभर काढून त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवली.

"नो पपई. खसखस," त्या म्हणाल्या. "खसखस."

पोरगा वाकून बघायला लागला. आणि पलीकडच्या टेबलावरची एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, वयानं मोठी, तिनं मान वर केली.

"कस-कस?" ती म्हणाली.

तिच्या भाषेतही तोच शब्द! थोडा वेगळा, पण तोच. शैलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून एवढ्या माणसांत, एवढ्या भाषांत, आपल्या तोंडचा एक शब्द कुणालातरी जसाच्या तसा कळला. आणि तोसुद्धा नेमका हाच, ज्याच्यामुळं आपण अडकणार.

"हो, हो! कस-कस! येस!"

ती बाई उठून आली. हातमोजे घातले. बाईंना खुर्चीवर बसवलं आणि सगळी बॅग टेबलावर रिकामी केली. एकेक दुपटं उचलून दिव्याखाली धरलं. शैलाबाईंना भीतीपेक्षा लाज वाटली. जुन्या लुगड्याचे तुकडे ते, एकाला रफू, एकाला हळदीचा डाग. परक्या मुलखात, लोकांसमोर, असे पसरलेले.

"व्हॉट फॉर?" तिनं विचारलं.

शैलाबाईंनी दोन्ही हातांची झोळी केली आणि हलवली. मग पाय पुढं पसरून, त्यावर बाळ पालथं आहे असं समजून, खुर्चीतल्या खुर्चीत हवेला तेल लावलं. पाठीवरनं खाली, पिंढऱ्यांपर्यंत. हात आपोआप चालला. तो पोरगा बघत राहिला. ती बाई मात्र बघून हळूच हसली आणि म्हणाली, "माय मदर. सेम."

पण म्हणून सोडून दिलं असं नाही. नियम तो नियम. फोटो काढले, लिहून घेतलं, वरच्या साहेबाला बोलावलं, तो येईस्तोवर बसवून ठेवलं. फोनला हात लावायचा नाही म्हणाले. बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं, तिकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि बघत राहिल्या. शेवटी साहेब आला, त्यानं एक कागद पुढं केला, पुन्हा असं करायचं नाही म्हणून समज दिली. खसखस लागलेलं जे जे होतं ते मोठ्या पारदर्शक पिशवीत गेलं. सगळी दुपटी गेली. "सॉरी आंटी," ती रुमालवाली बाई म्हणाली. बाईंनी कागदावर मराठीत सही केली. शैला रतन गायकवाड, पूर्ण.

बाहेर येऊन फोन उघडला तर समाधानचे फोनच फोन, आणि सगळ्यात शेवटी एक फोटो. गुलाबी टोपीतलं बाळ. मुलगी. त्या खुर्चीवर बसल्या होत्या तेवढ्यातच झाली होती.

टॅक्सी केली. पत्ता दाखवला. हॉस्पिटलात हात धुऊन आत गेल्या. निकिता पडली होती, केस चिकटलेले, डोळे खोल गेलेले. आईला बघून रडली. मग नाक पुसलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"मम्मी, लाडू आणलेस ना गं?"

"अगं, तूच म्हणालीस ना, नको म्हणजे नको?"

"म्हणून तू ऐकलंस? तू कधी ऐकतेस माझं?"

"अगं, आणले होते. बँकॉकला ना, एक बाई भेटल्या..."

तेवढ्यात नर्स बाळ घेऊन आली. सगळे तिकडं वळले. बाईंनी नातीला मांडीवर घेतलं, आणि बँकॉक तिथंच राहिलं.

महिनाभर होत्या. एजन्सीच्या बाईचं सूप त्यांनी पण प्यायलं, वाईट नव्हतं म्हणतात. खसखशीशिवाय लाडू केले, निकितानं खाल्ले. मालीश मात्र स्वतः केली, एजन्सीच्या बाईला बाजूला बसवून. परत येताना कुणाला विचारायला लागलं नाही की बॅग कुठं, रांग कुठली. इथं लोहगावला मीच घ्यायला गेलो होतो.

आणि आता दोन महिने होत आले. रोज कुणी ना कुणी येतं. बाळ कुणावर गेलं? जावई मदत करतो का? चॉकलेटं आणली का? बाई म्हणतात, "सांगते, पण जाताना बँकॉकला ना..." आणि समोरची म्हणते, "ते राहू दे हो मावशी, आधी फोटो दाखवा." मग त्या फोन काढतात. फोटो दाखवतात. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. लोक चहा पितात आणि जातात. रतनसुद्धा तसाच. त्याला म्हणाल्या, तुमच्या पुडीनं काय केलं ऐका, तर हा म्हणतो, "खीर केली ना? मग झालं." मला तेवढं सगळं ऐकायला मिळालं, कारण माझे दोन्ही हात हँडलला होते. मला फोटो बघता येईना.

हे आलं बघा. पुढचा डावीकडचा बोळ, निळं दार. थांबा, पिशव्या मी उतरवतो. ताई, एक काम करा माझं. आत गेल्यावर मालीशीचं बोला, वेळ ठरवा, सगळं करा. पण त्या फोन काढायला लागल्या की त्यांचा हात धरा. म्हणावं, फोटो नंतर, आधी सांगा, बँकॉकला काय झालं? आणि तुम्हाला आधीच कळलंय असं दाखवू नका. पहिल्यापासून ऐका. मधे बोलू नका.